तवंदीच्या चढणीला बंद पडणारी गाडी

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या वडगावच्या गल्लीचा आवाज बदलतो. गणपतीत थांबत-थांबत चाललेले यंत्रमाग आता दसरा-दिवाळीच्या साड्यांच्या मागे लागतात आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खटखट सुरू राहते. आमची भिंत आणि शेजारच्या बाळूअण्णांच्या मागांच्या शेडची भिंत एकच आहे. भिंतीला टेकून चहा प्यायला बसलं तर ती खटखट पाठीला जाणवते. पाहुणे विचारतात, या आवाजात तुम्हाला दुपारची झोप कशी लागते? आम्हाला उलट माग थांबले की जाग येते.

यंदाही माग जोरात आहेत. आईने पितृपक्षातली भाजी निवडायला घेतली आहे आणि मी कॉलेजच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले आहे. मध्येच हात थांबतो आणि कान आप्पांच्या खोलीकडे जातो. तिकडून गाडीचं इंजिन गुरगुरल्याचा आवाज येत असतो. तो चालू आहे ना, एवढंच ऐकायचं असतं. आता असं ऐकत बसायचं काही कारण उरलेलं नाही, पण त्या एका वर्षी लागलेली सवय सुटत नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. मूळ खानापूरकडचे. तिथली भातशेती चुलत्यांनी सांभाळली आणि आप्पांनी सरकारी बसचं स्टेअरिंग. बेळगाव-निपाणी या रस्त्यावर त्यांची सारी नोकरी गेली. लहानपणी मी डेपोत त्यांचा डबा घेऊन जायची, आणि गाडी निघताना कंडक्टरच्या आधी पत्र्यावर दोन थापा मारायचा मान माझा असायचा. दोन थापा म्हणजे निघा. माझ्या थापांवर एवढी मोठी लाल गाडी हलते, याचा मला इतका गर्व होता की शाळेत मी कुणाशी धड बोलत नसे.

निवृत्तीनंतर आप्पांनी एक जुनी जीप घेतली आणि गल्लीतल्या लग्नांची वऱ्हाडं वाहिली. मग एका सकाळी चहाचा कप त्यांच्या डाव्या हातातून निसटला. झटका हलका होता, थोडक्यात निभावलं, असं सगळे म्हणाले. बोलणं परत आलं, चालणंही आलं. डावा हात मात्र सांगितलेलं जरा उशिराने ऐकू लागला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं एका वाक्यात सांगितलं आणि आप्पांनी एका शब्दात ‘बरं’ म्हटलं. जीप गेली. त्या वर्षी खंडेनवमीला दारात पुजायला गाडी नव्हती. आईने विळी, कात्री आणि मिक्सर मांडून पूजा केली. आप्पा खोलीतून बाहेर आले नाहीत. हाक मारली तर म्हणाले, “करा तुम्ही. माझं काय हाय तितं?”

ते वाक्य मला वर्षभर टोचत राहिलं.

मी टिळकवाडीतल्या एका कॉलेजात संगणक शिकवते, आणि वयाला न शोभणारा माझा एक शौक आहे: संगणकावरचे खेळ. आप्पांना व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली की हात सतत हलता ठेवा, स्टेअरिंग फिरवल्यासारखा, आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. सुटे भाग मागवून मी घरीच एक दणकट संगणक जुळवायला घेतला. त्यावर खेळ चालवायचे, म्हणून ताकदीचा. त्याला जोडायला स्टेअरिंग, पायाखाली तीन पेडल आणि बसायला चाकांची खुर्ची.

जुळणी श्रावणात झाली, जेवणाच्या टेबलावर. आप्पा समोर बसून बघत होते आणि पहिल्यांदाच प्रश्न विचारत होते. यातलं इंजिन कुठलं? मी मधली चौकोनी चिप दाखवली. एवढंसंच? रेडिएटर? मी पंखे दाखवले. चित्र काढणारं भलंमोठं कार्ड बघून म्हणाले, “ही तर लोडची गाडी झाली की गं.” बाजूच्या काचेतून आतले निळे-तांबडे दिवे लागले तेव्हा आई पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, “अवं, ही तर गणपतीची आरास हाय.”

खेळ बस आणि ट्रक चालवायचा. मी मुद्दाम असा देश निवडला जिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. आप्पांना त्या देशाच्या नावाशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या रस्त्याला आपली नावं देऊन टाकली. टोलनाका दिसला की ते कोगनोळी. रस्त्याकडेचा मोठा थांबा म्हणजे संकेश्वरचा स्टँड. हिरव्या डोंगरातली वळणावळणाची चढण आली की पाठ ताठ करून म्हणायचे, “आली तवंदी.” निपाणीच्या अलीकडचा हा घाट त्यांनी किती वेळा चढला असेल ते मोजण्यात अर्थ नाही. ब्रेक दाबला की खुर्ची मागे सरकायची, म्हणून आईने चाकामागे वीट लावली, स्टँडवर बसच्या चाकाला दगड लावतात तशी.

आणि नेमकी तवंदीलाच गाडी बंद पडायला लागली.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी कॉलेजात होते. घरी आले तर आप्पा खुर्चीत बसलेले. “घाटात बंद पडली गं. धाडदिशी काळोख, आन् परत आपोआप सुरू झाली. पण तवर खेळ गेल्ता.” मी म्हटलं, नवीन यंत्र आहे, होतं असं. त्या संध्याकाळी मी स्वतः बसून तोच घाट चढले, उतरले, पुन्हा चढले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या हातात पुन्हा बंद.

यंत्रातला दोष शोधणं म्हणजे मला नेहमी घरातली हरवलेली किल्ली शोधण्यासारखं वाटतं. जिथे असण्याची शक्यता कमी तिथेही बघावं लागतं, आणि एका वेळी एकच जागा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चाललं, तर ते कशाने चाललं ते कळत नाही. मी मुलांना हे वर्गात शिकवते, पण घरी शिकवलेलं पाळायला धीर लागतो.

आधी उष्णतेवर संशय. मागांमुळे हवेत सुताचे बारीक तंतू उडतात, म्हणून आईने जुन्या साडीचा छान झालर लावलेला झगा शिवून यंत्राला घातला होता. तो काढला. आईला राग आला. तापमान बघितलं तर बेताचं. मग स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या पट्ट्या: दोन होत्या, एक काढून चालवलं, मग ती लावून दुसरी काढून चालवलं, मग दोन्ही लावून त्यांचा वेग उतरवून ठेवला. तपासणीच्या चाचण्या संध्याकाळभर लावल्या. सगळ्यांत पास. मग चित्राच्या कार्डाचं सॉफ्टवेअर, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ते काढून नवं घातलं. आप्पा मागून म्हणाले, “ड्रायव्हर बदललास व्हय? बरं केलंस.” मी हसले. ते हसत नव्हते.

यंत्राच्या आत एक नोंद राहते, काय बिघडलं त्याची. मी ती आशेने उघडली. तिच्यात लिहिलं होतं की मागच्या वेळी यंत्र अनपेक्षितपणे बंद पडलं. म्हणजे आम्हाला माहीत होतं तेवढंच.

खरी भीती मला वेगळीच वाटायला लागली होती. यंत्र बंद पडलं की आप्पा पडद्याकडे बघत नसत, ते आपल्या डाव्या हाताकडे बघत. हात मांडीवर ठेवायचा, उघडायचा, मिटायचा. दिवसा त्यांच्या हातात बंद पडतं आणि संध्याकाळी माझ्या हातात चालतं, याचा त्यांनी लावलेला अर्थ मला दिसत होता. तो खोडायला माझ्याकडे पुरावा नव्हता. “आप्पा, स्टेअरिंगने यंत्र बंद पडत नाही,” असं मी सांगायची. “तसं कसं,” ते म्हणायचे, “तुला का पडत न्हाय मग?”

शेवटी यंत्र उचलून दुकानात नेलं. आप्पा हट्टाने बरोबर आले. दुकानदाराने दिवसभर स्वतः खेळ लावून ठेवला आणि संध्याकाळी हात झटकले. आप्पांना तो कानडीत म्हणाला, “एनू इल्ल री,” काहीच नाही. आणि मग मला मराठीत, हसत: “मशीन एकदम ओके हाय, मॅडम. घरात कोण चालवतंय ते बघा.” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आम्ही रिक्षाने परत निघालो. काकतीवेसच्या सिग्नलला एक लाल बस शेजारी येऊन थांबली, तेव्हा त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. बसकडे पाठ केलेले आप्पा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि मला रडू आलं. मी बाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, “खंडेनवमीला याची पूजा मांडू नको.”

“का वं?”

“बंद पडल्याली गाडी पुजत न्हाईत. गाडी आपल्या पायानं दारात आली पायजे.”

हा त्यांचा जुनाच नियम. जीप होती तेव्हाही खंडेनवमीला आधी गल्लीला एक फेरी मारून आणायचे, मगच धुवायचे, हळदकुंकू लावायचे, चाकाखाली लिंबं ठेवायचे आणि ती चिरडून गाडी पुढे काढायचे. डेपोतही तसंच चालायचं. ढकलत आणलेल्या गाडीला हार घालायला ते कधी तयार झाले नाहीत. म्हणजे आता खंडेनवमीपर्यंत यंत्र तवंदी चढलं नाही, तर गेल्या वर्षीसारखेच ते खोलीत बसून राहणार, आणि मग स्टेअरिंगला पुन्हा हात लावणार नाहीत. हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

सर्वपित्री अमावास्येला कॉलेजला सुट्टी होती. घरात वडे, खीर, आमसुलाची चटणी. कावळ्याला पान ठेवून झालं, जेवणं झाली. मी आप्पांना म्हटलं, आज मी शेजारी बसते, तुम्ही चालवा. ते नको-नको म्हणत बसले. तवंदी आली. गाडी चढली. दुसरा घाट, तोही चढली. दुपार कलली तरी गाडी चालूच. आप्पा माझ्याकडे बघायला लागले. “तू बसलीस म्हणून चालतीय,” म्हणाले. मलाही क्षणभर तसंच वाटलं, इतकं मी तोवर थकले होते. मग लक्षात आलं की आप्पांचं बोलणं मला फार स्वच्छ ऐकू येतंय. पाठीला भिंतीची थरथर नव्हती. अमावास्या म्हणून बाळूअण्णांचे माग बंद होते.

माझ्याकडे यंत्र चालायचं ते संध्याकाळी, माग थांबल्यावर. दुकानात चाललं, तिथे मागच नाहीत. आप्पा चालवायचे ते दिवसा, भिंतीपलीकडे माग सुरू असताना.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. मी रजा टाकली. देवीचा घट बसला, आईने मातीत धान्य पेरलं, आणि मी आप्पांना पुन्हा खुर्चीत बसवलं. चालवण्याआधी ते नेहमीचं सगळं करत होते: टेबलाखालच्या लोखंडी स्टॅबिलायझरचं बटण दाबायचं, त्याचा काटा वर चढेपर्यंत थांबायचं आणि मग यंत्र सुरू करायचं. बसमध्ये ब्रेकच्या हवेचा काटा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नसते, तशी ही सवय. तो स्टॅबिलायझर आप्पांनीच पहिल्या दिवशी फ्रिजजवळून काढून आणला होता. “हितली लाइन सरळ न्हाय. माग सुरू झाले की दिवं डोळं मिचकावत्यात. एवढ्या महागाच्या गाडीला आडोसा नगो व्हय?” मला ते पटलं होतं, आणि नंतर तो तिथे आहे हेच मी विसरले होते. मी यंत्राच्या आत दोष शोधत होते, तो बाहेर होता.

मी जमिनीवर बसले आणि त्या पेटीवर हात ठेवला. भिंतीपलीकडे बाळूअण्णा एकेक माग सुरू करत होते. खोलीतला दिवा किंचित मंदावला आणि माझ्या तळव्याला आतून एक टक् लागलं. खटखटीत ते कानाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. आप्पा सपाट रस्त्यावर होते, गाडी चालू राहिली. थोड्या वेळाने पुन्हा टक्. चालू. मग तवंदी आली, आतले पंखे जोरात फिरायला लागले, आणि पुढचं टक् हाताला लागलं त्याच क्षणी पडदा काळा झाला.

आप्पांची नजर हाताकडे गेलीच.

“आप्पा, तुमचा हात नव्हे,” मी खालूनच ओरडले. मग घुटमळले. कारण हात नव्हे म्हटलं की पुढे सांगावं लागणार होतं की तुम्ही मायेने लावलेली ही पेटी. एक ओझं उतरवून दुसरं द्यायचं का? पण त्यांच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही. सांगितलं. वीज कमी झाली की या पेटीतला खटका एक वाट सोडतो आणि दुसरी धरतो. सोडणं आणि धरणं यांच्या मध्ये, पापणी लवण्याच्याही आत, वीज नसते. फ्रिजला ते कळत नाही, पंख्याला कळत नाही. यंत्रालाही एरवी कळत नाही. पण घाटात कार्ड सगळी ताकद ओढत असतं, तेव्हा तेवढीशी खोट त्याला सोसत नाही. यंत्राच्या स्वतःच्या वीजपेटीला थोडी कमी-जास्त वीज चालते, त्याला हा आडोसा लागतच नाही.

आप्पांनी टेबलाखालच्या त्या पेटीकडे बघितलं.

“म्हंजे गिअर बदलताना मधी न्यूट्रल येतंय तसं,” ते हळू म्हणाले. “सपाटीला कळत न्हाय. चढणीला गाडी मागं येती.”

“व्हय,” मी म्हटलं.

ते खुर्चीतून उतरले, वाकले आणि डाव्या हाताने त्या पेटीची पिन ओढायला लागले. मी मदतीला हात पुढे केला तर मानेनेच नको म्हणाले. पिन घट्ट होती, वेळ लागला. निघाल्यावर त्यांनी यंत्राची पिन थेट भिंतीत खुपसली, आणि तो हात डोळ्यांसमोर धरून उलटा-सुलटा करून बघितला.

“हात न्हवताच तर,” म्हणाले. मग आत आईला हाक मारून तेच पुन्हा, मोठ्याने.

नवरात्राचे ते दिवस मला सलग असे आठवत नाहीत. घटातलं हिरवं वर येत होतं, भिंतीपलीकडे माग धडधडत होते, आणि आप्पा दिवसाढवळ्या, भर मागांच्या वेळेला, तवंदी चढत होते. बाळूअण्णा एकदा काय चाललंय बघायला आले. सगळं ऐकून ते ओशाळले आणि म्हणाले, “आमच्यामुळं झालं की वं, आप्पा. आधी सांगायचं न्हाय? दुपारी थोडे माग बंद ठिवलो असतो.” आप्पा म्हणाले, “तुमचं काम तुमी बंद करू नगासा. माझी गाडी चढत्या आता.” बाळूअण्णा शेजारी स्टूल ओढून बसले आणि निपाणीपर्यंत फुकट प्रवास करून गेले.

स्टॅबिलायझर परत फ्रिजजवळ गेला. आप्पा त्याच्याशी कसे वागतील याची मला धास्ती होती. खंडेनवमीच्या सकाळी पूजा मांडली तेव्हा त्यांनी आधी गाडी आपल्या पायाने आणली, म्हणजे घाट चढवून, संकेश्वरच्या स्टँडवर उभी केली. मग यंत्राला बाजूने हळदकुंकू. वरून अक्षता टाकायच्या नाहीत, पंख्यात जातात, हे मी चारदा बजावलं होतं. स्टेअरिंगला झेंडूचा हार. ताटात एक फूल उरलं. ते घेऊन आप्पा स्वयंपाकघरात गेले, त्या लोखंडी पेटीवर ठेवलं, बोटाने कुंकू लावलं. “त्यानं त्याचं काम केलं,” म्हणाले. “जागा मी चुकवली.” आणि हसले. इतक्या सहज, की माझी धास्ती तिथेच संपली.

राहिली लिंबं. चिरडायला चाकं हवीत, आणि या गाडीला चाकं फक्त खुर्चीला. आईने वीट काढली. आप्पांनी स्वतः वाकून पुढच्या दोन चाकांपुढे दोन लिंबं ठेवली, खुर्चीत बसले आणि पायाने रेटा दिला. चाक लिंबाला टेकून अडलं. पुन्हा रेटलं, लिंबू निसटून कपाटाखाली गेलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी लिंबू काढून परत ठेवलं. तेव्हा दिसलं की आप्पांचं वजन झटक्यानंतर किती उतरलं आहे. लिंबू चिरडण्याइतकंही ते उरलं नव्हतं.

“थांबा,” मी म्हटलं. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकले आणि अंगाचा सगळा भार घातला. लिंबं फुटली. आंबट वास खोलीभर पसरला आणि खुर्ची स्टेअरिंगपाशी जाऊन टेकली.

आप्पांनी डावा हात स्टेअरिंगवर ठेवला, उजवा ठेवला. पण गाडी काढेनात.

“काय झालं?”

“बेल कुठं दिलीस?”

मी खुर्चीच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

मग आप्पांनी, आयुष्यभर प्रत्येक स्टँडवरून निघताना बघायचे तसं, उजवीकडे मान वळवून नसलेल्या आरशात मागे बघितलं. मागे मी उभी होते.